विद्यापीठाच्या आवारातील परका

हिवाळ्याच्या सुमारास बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या आवारात एक संध्याकाळ अशी येते की, सभागृहाच्या वाटेवर देशोदेशींचे झेंडे लागतात, नेपाळी टोपी घातलेला विद्यार्थी दाराशी उभा राहून पाहुण्यांचे स्वागत करतो, अफगाणिस्तानातून आलेली मुले वर्तुळ धरून नाचतात, आणि आफ्रिकेतून आलेल्या मुलींच्या रंगीबेरंगी पोशाखांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत झळकतात. कुलगुरू समई पेटवतात. सारे जग हे एकच कुटुंब होय, असे प्रत्येक वक्ता आपापल्या परीने सांगतो. रात्री दहाच्या सुमारास झेंडे गुंडाळून पेटीत जातात. ह्या संध्याकाळीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या मुलाला आईने बरोबर दिलेला पोशाख वर्षातून एकदा तरी अंगावर चढवता येतो, हे काही थोडे नव्हे. प्रश्न उरतो तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा. ज्याच्या नाचाला काल टाळ्या पडल्या, त्याच्या शेजारी आज खाणावळीत कोणी ताट घेऊन बसतो काय? शहरात भाड्याची खोली मागावयास तो गेला, तर घरमालक दार पुरते उघडतो की अर्धेच?

हा प्रश्न आजचा नाही. विद्यापीठांतील असे समारंभ ज्या प्रथेतून निघाले, ती प्रथा शंभराहून अधिक वर्षांची आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०३ साली आणि कॉर्नेल विद्यापीठात १९०४ साली परदेशी व देशी विद्यार्थ्यांनी मिळून क्लब काढले. पुढे हे क्लब 'कॉस्मॉपॉलिटन क्लब' ह्या नावाने अनेक विद्यापीठांत पसरले. एकेका संध्याकाळी एकेका देशाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या देशाचे संगीत, चालीरीती, इतिहास आणि खाद्यपदार्थ इतरांपुढे मांडावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. रवींद्रनाथ ठाकुरांचे चिरंजीव रथींद्रनाथ इलिनॉय विद्यापीठात शेतकीशास्त्र शिकावयास गेले, तेव्हा तेथील क्लबाच्या उभारणीत त्यांचाही हात होता. कॉर्नेलच्या क्लबाचे अध्यक्षपद १९१३ साली हू शिह् ह्या चिनी विद्यार्थ्याकडे आले. हेच हू शिह् पुढे चीनमधील बोलभाषेतील वाङ्मयाच्या चळवळीचे अग्रणी झाले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चीनचे राजदूत होते. ह्या संध्याकाळी सर्वांनाच आवडत. गावातील प्रतिष्ठित मंडळी सहकुटुंब येत. परक्या देशाचे गाणे एक तास ऐकण्याने कोणाच्या घरातील एक वीटही हलत नाही, हे त्यामागील कारण असावे.

वीट हलली ती न्यूयॉर्कमध्ये, आणि तीही अगदी क्षुल्लक निमित्ताने. १९०९ च्या सप्टेंबर महिन्यातील एका थंड सकाळी हॅरी एडमंड्स नावाचे एक तरुण गृहस्थ कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढत होते. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन ह्या संस्थेत ते काम करीत. समोरून एक चिनी विद्यार्थी येत होता. एडमंड्स ह्यांनी जाता जाता त्यास 'गुड मॉर्निंग' म्हटले. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा बाजाराच्या वाटेवर ओळखदेख नसलेल्यालाही 'काय, बरे आहे ना?' असे विचारतात, त्यापेक्षा अधिक काही त्यात नव्हते. पण तो विद्यार्थी थबकला, आणि त्याने आभार मानले. न्यूयॉर्कला येऊन आपल्याला तीन आठवडे झाले, आणि आपल्याशी आपण होऊन बोललेले तुम्ही पहिलेच मनुष्य आहात, असे त्याने सांगितले.

एडमंड्स ह्यांनी घरी गेल्यावर ही हकीकत पत्नी फ्लॉरेन्स ह्यांना सांगितली. आपल्याला ह्याबाबत काही करता येणार नाही काय, एवढाच त्या बाईंचा प्रश्न होता. त्या प्रश्नातून रविवारच्या संध्याकाळचे बोलावणे निघाले. शहरातील परदेशी विद्यार्थी एडमंड्स पतिपत्नींच्या घरी रविवारी जेवावयास येऊ लागले. परक्या शहरात एकटा राहिलेला कोणीही सांगेल की, आठवड्याचे इतर सहा दिवस वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा ह्यांत कसेतरी निघून जातात. रविवार मात्र निघत नाही. येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, घर अपुरे पडू लागले, आणि काही वर्षांतच त्या जेवणांचे रूपांतर न्यूयॉर्कमधील निरनिराळ्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या क्लबात झाले. येथे झेंडे नव्हते असे नाही. पण आधी जेवण आले आणि मागाहून झेंडे आले, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

ह्याच काळात, १९१३ च्या जुलै महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात एक मराठी विद्यार्थी येऊन दाखल झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती त्याच्या पाठीशी होती. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. प्रथम ते विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरले. पण तेथील अन्न मानवेना, म्हणून ११४व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबात, जेथे काही हिंदी विद्यार्थी राहत असत, तेथे गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल ह्या वसतिगृहात नवल भथेना ह्या पारशी मित्राबरोबर ते राहिले. ह्या दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली, आणि आंबेडकरांच्या लंडनमधील शिक्षणाच्या काळात भथेना ह्यांनी त्यांना पैशाची मदतही केली. कोलंबियातील त्या तीन वर्षांत आंबेडकरांनी किती विषय अभ्यासले, प्राध्यापक जॉन ड्यूई ह्यांच्या विचारांचा त्यांच्यावर किती परिणाम झाला, ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर वाचलेला निबंध किती मौलिक होता, हे अनेकांनी सांगितले आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की, एका महार कुटुंबातील विद्यार्थी आणि एक पारशी विद्यार्थी एका छपराखाली राहत होते, आणि तेथे त्यात कोणालाही काही विशेष वाटले नाही.

ते विशेष का, हे बडोद्यात कळले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी आंबेडकर १९१७ साली बडोद्यास आले. ज्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले होते, ज्याची गावोगावची पुस्तकालये हिंदुस्थानभर वाखाणली जात होती, त्या संस्थानच्या राजधानीत ह्या उच्चशिक्षित तरुणाला राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीचे दार त्यांना बंद होते. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया देऊन त्यांनी वरच्या मजल्यावरील खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसे जिना चढून आली, आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करावी, असे त्यांनी बजावले. न्यूयॉर्कमध्ये ज्या समाजातील मित्राबरोबर आंबेडकर राहिले, त्याच समाजातील ही माणसे होती. आंबेडकरांनी मग दोन मित्रांकडे निवारा मागितला. एक हिंदू होता. तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. दुसरा ख्रिस्ती होता. त्याची पत्नी दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि तिला विचारल्यावाचून काही सांगता येत नाही, असे त्याने उत्तर दिले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण घराण्यातील. धर्म बदलला तरी घरातला सोवळेपणा बदलला नव्हता. एका सार्वजनिक बागेत काही तास बसून काढल्यावर आंबेडकर रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही सारी हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मवृत्तपर लिखाणात नोंदवून ठेवली आहे. त्या प्रसंगी हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म एकाच बाजूस उभे होते, हे ज्याला त्याला आपापल्या धर्मापुरते तरी विसरता येऊ नये. बडोद्यातील त्या बागेजवळची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

न्यूयॉर्कमधील रविवारच्या जेवणाकडे पुन्हा वळावयाचे तर, एडमंड्स ह्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. एका संध्याकाळपुरते एकत्र येऊन रात्री पुन्हा आपापल्या एकट्या खोलीकडे जाणे, ह्याने परकेपणाचा डोंगर तसूभरच हलतो. ज्यांनी एकत्र जेवावे, त्यांनी एकत्र राहावे. १९२४ साली धाकटे जॉन डी. रॉकफेलर ह्यांच्या देणगीतून न्यूयॉर्कमधील रिव्हरसाइड ड्राइव्हवर 'इंटरनॅशनल हाउस' उभे राहिले. अमेरिकन आणि परदेशी, स्त्रिया आणि पुरुष, गोरे आणि काळे, सर्व विद्यार्थ्यांना एकाच इमारतीत जागा होती. बंधुभाव नांदावा, अशा अर्थाचे शब्द तिच्या प्रवेशद्वारावर कोरलेले आहेत. तेथील एक जुना रिवाज असा की, जमलेले विद्यार्थी एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी पेटवीत सारे दालन उजळतात, आणि हा प्रकाश जाऊ तेथे पुढे देण्याचे वचन एकमेकांस देतात.

हा रिवाज सुंदर आहे. परंतु ज्या वर्षी ती इमारत उघडली, त्याच १९२४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदा केला की, ज्यायोगे आशिया खंडातील बहुतेक देशांच्या लोकांना तेथे स्थायिक होण्यासाठी येण्याचा मार्गच खुंटला. त्याच्या आदल्या वर्षी, १९२३ साली, भगतसिंग थिंद ह्या शीख गृहस्थाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस अमेरिकेचा नागरिक होण्यास पात्र नाही, असा निकाल दिला होता. विद्यार्थी म्हणून या, गाणी म्हणा, मेणबत्त्या लावा आणि शिक्षण संपताच परत जा, असा त्या कायद्याचा एकंदर अर्थ होता. मेणबत्ती लावणाऱ्यांचा ह्यात दोष नाही. तथापि दालनातील उजेड आणि दाराबाहेरचा अंधार ह्या दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत, हे सांगितले पाहिजे.

खरी कसोटी लागली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. न्यूयॉर्कसारखेच एक घर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारालगत उभारावे, असे ठरले. एडमंड्स ह्यांनी त्यासाठी जागा निवडली ती पीडमाँट ॲव्हेन्यूवर. ह्या रस्त्यावर विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांची आणि भगिनीमंडळांची ऐसपैस घरे होती, आणि त्या घरांत परदेशी तसेच गौरेतर विद्यार्थ्यांना प्रवेश नसे. ही निवड अजाणता झालेली नव्हती. संकुचितपणाच्या ऐन नाकावर ठोसा बसावा, असा आपला हेतू होता, असे एडमंड्स ह्यांनी मागाहून सांगितले आहे. सौम्य स्वभावाच्या धर्मसेवकाच्या तोंडी हे शब्द जरा विचित्र वाटतील. पण वर्षानुवर्षे रविवारची जेवणे घातलेल्या मनुष्याचे ते शब्द आहेत.

ह्या बेताची वार्ता पसरताच बर्कलीत गहजब झाला. आठशेहून अधिक लोक निषेधासाठी एकत्र जमले. त्यांत घरमालक होते, जमिनींचे मालक होते, शेजारपाजारचे सभ्य गृहस्थ होते. काळे आणि आशियाई विद्यार्थी आपल्या वस्तीत राहावयास येतील, गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर एका छपराखाली राहतील, आणि शिवाय मुलगे व मुली एकाच इमारतीत असतील, ह्या तिन्ही गोष्टी त्यांना असह्य होत्या. देशोदेशींच्या नाचगाण्यांच्या संध्याकाळींविरुद्ध असे आठशे लोक जमल्याचे कोणी ऐकलेले नाही. नाच चालतो, शेजार चालत नाही.

त्या सभेत डेलायला बीझ्ली ह्या कृष्णवर्णीय बाई उभ्या राहिल्या. ओकलंड ट्रिब्यून ह्या गोऱ्यांच्या दैनिकात त्या आपल्या समाजाविषयी नियमित स्तंभ लिहीत असत, आणि कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीयांचा इतिहास त्यांनी पदरचे कष्ट वेचून १९१९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला होता. संतापलेल्या घरमालकांपुढे त्यांनी त्या घराची बाजू निर्भयपणे मांडली. अखेर १९३० च्या ऑगस्ट महिन्यात बर्कलीचे इंटरनॅशनल हाउस त्याच रस्त्यावर उघडले. आठशे लोकांच्या विरोधाला न जुमानता ते उभे राहिले, ह्याचे श्रेय रॉकफेलर ह्यांच्या पैशाला किती आणि बीझ्लीबाईंसारख्यांच्या धैर्याला किती, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पैशाच्या नोंदी राहतात, म्हणून त्याचा उल्लेख अधिक होतो, एवढे मात्र खरे. १९३२ साली शिकागोस असेच घर झाले, आणि १९३६ साली पॅरिसच्या विद्यार्थिनगरीतही रॉकफेलर ह्यांच्याच देणगीने आंतरराष्ट्रीय भवन उभे राहिले.

अशा घरांनी सर्व काही साधले, असे मानण्याचे कारण नाही. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एका आज्ञेने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एक लाख दहा हजारांहून अधिक माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांत बर्कली विद्यापीठातील शेकडो विद्यार्थी होते, आणि त्यांतील पुष्कळसे अमेरिकेतच जन्मलेले होते. त्यांच्या मित्रांना हळहळण्यावाचून फारसे काही करता आले नाही. युद्धकाळात ती इमारतही काही वर्षे नौदलाच्या उपयोगासाठी गेली. एका ताटात जेवलेल्यांनाही राज्यसत्तेपुढे हात टेकावे लागतात. मात्र शेजारच्या खोलीतील मुलगा शत्रू नाही, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला ते पुन्हा शिकवावे लागत नाही.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले. १९५० साली मौलाना आझाद ह्यांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली, आणि तिच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिका आणि आशिया खंडांतील हजारो विद्यार्थी भारतात शिकून गेले. पुण्यात त्यांची गर्दी विशेष. तेथेच, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात, न्यूयॉर्कच्या त्या पायऱ्यांची आठवण करून देणारा एक प्रसंग घडला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार तेव्हा वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देत आहे, असे त्यांच्या दृष्टीस पडले. रेक्टरच्या मनात अशा वेळी जे यावयाचे तेच आले. चौकशी करता कळले की, खिडकीच्या आत मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने अंथरुणास खिळलेला होता, आणि ती मुलगी त्याच्याच देशाची असून त्याच्यासाठी पथ्याचे जेवण आणीत होती. तिला वसतिगृहात प्रवेश नव्हता, म्हणून खिडकी. त्या आजारी मुलाची विचारपूस करणारे दुसरे कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, नियम होता, तो मोडला. मुजुमदारांना मात्र नियमाऐवजी ती खिडकी खटकत राहिली. त्यातूनच १९७१ साली पुण्यात 'सिम्बायोसिस' ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून निघाली. पुढे तिची महाविद्यालये झाली, विद्यापीठ झाले, आणि तिचा विस्तार आता एवढा आहे की, तिचे मूळ काविळीच्या पथ्यात आहे हे तेथे शिकणाऱ्या अनेकांस ठाऊकही नसेल. हे जीवशास्त्रातील नाव वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने निवडावे, हे साहजिकच होते: दोन भिन्न जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, त्या सहजीवनाचे ते नाव आहे. ह्या व्यवहारात दोघांनाही काही मिळावे लागते. परदेशी विद्यार्थ्याला आपण काय देतो, ह्याची यादी नेहमीच केली जाते. त्याच्याकडून आपण काय घेतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. मॉरिशसच्या मुलाला भोजपुरी येते, तेथे मराठी बोलणारी जुनी घराणी आहेत आणि मराठी मंडळीही आहेत, हे त्याच्या शेजारच्या खोलीतील कोल्हापूरच्या मुलाला ठाऊक असते काय? ते सभागृहातील कार्यक्रमात कळत नाही. ते रात्री अकरा वाजता, वीज गेल्यावर, गच्चीवर बसले असता कळते.

२०२१-२२ सालच्या सरकारी पाहणीनुसार भारतात ४६ हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी शिकत होते, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा होता. चार कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या देशात हा आकडा अगदी लहान आहे. म्हणूनच तो सांभाळणे कठीण असावयास नको. पुण्यात, बडोद्यात, हैदराबादेत, गोव्यात आणि बेळगावात अशी मुले आहेत. ज्या गावात ती राहतात, त्या गावातील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांच्या पूर्वजांनीही कोणे एके काळी परमुलखात येऊन भाड्याची खोली शोधली होती. सरदारांच्या, कारकुनांच्या, भिक्षुकांच्या आणि पुढे गिरण्यांतील व रेल्वेतील नोकरदारांच्या रूपाने आलेली ती माणसे आता तेथलीच झाली. खोली शोधण्याची ती आठवण मात्र घराण्यांतून लवकर पुसली जाते.

दिवाळीची सुटी लागली की, वसतिगृहातील मुले ट्रंका घेऊन आपापल्या गावी निघतात, आणि खाणावळ बंद होते. आवारात उरतात ती परदेशची मुले. गेल्या महिन्यात ज्यांच्या नाचाचे छायाचित्र छापून आले होते, ती दुपारी गावातील एखाद्या हॉटेलात डाळभात खाऊन परत येतात. नाताळात तेच होते. आफ्रिकेतून आलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला मध्यरात्रीची मिस्सा सापडते. देवळात गाणी ओळखीची असतात, शब्द तेवढे मराठी किंवा कोकणी असतात. मिस्सा संपल्यावर लोक एकमेकांस शुभेच्छा देतात, मुलाबाळांसह घरोघर जातात, आणि तो देवळाच्या पायऱ्यांवर काही वेळ उभा राहतो.